फोकस कुठं गेला?

"भाऊ, एफ-टू दाबलं, खातं निवडलं, एंटर मारला अन् तो चुपच झाला. बोलूनच नाही राहिला."

वडनेरहून मित्राचा फोन होता. 'तो' म्हणजे त्याच्या संगणकातला स्क्रीन रीडर. मित्र जन्मापासून अंध आहे आणि हिंगणघाट तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कारकून आहे. जमा-नावेच्या व्हाउचर नोंदी, दैनिक ठेवीच्या एजंटांचा भरणा, संध्याकाळी रोजकीर्द जुळवणं ही त्याची कामं. पडद्यावर जे उमटतं ते स्क्रीन रीडर त्याला बोलून दाखवतो. मित्र माउसला हात न लावता, निव्वळ कीबोर्डवर, शेजारच्या डोळस सहकाऱ्याइतक्याच वेगानं काम उरकतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसली आणि त्या सकाळपासून सगळं अडलं.

कार्यालयात निष्कर्ष लगेच निघाला: त्याला नवीन सॉफ्टवेअर जमत नाही. कुणी वाईट हेतूनं बोललं नव्हतं. एका वरिष्ठांनी तर आपुलकीनं सुचवलं की तू काही दिवस फोन घेत जा, नोंदी दुसरा कुणी करेल. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. संगणकाच्या दोन भागांमधला एक निरोप हरवला होता आणि ती तूट माणसाच्या नावे टाकली गेली होती. अशी तूट शोधता येते, जिथली आहे तिथं दाखवता येते, आणि त्यासाठी वडनेर सोडून कुठं जावं लागत नाही. हे ठामपणे सांगावं म्हणून हा लेख लिहितो आहे.

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा ७ आणि आताचा ४४, जाम आणि हिंगणघाट मागे टाकून वडनेरला येतो. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. हिंगणघाट हे बाबा आमट्यांचं जन्मगाव. २६ डिसेंबर १९१४ रोजी ते तिथं जन्मले. पुढे वरोऱ्याजवळ त्यांनी आनंदवन उभं केलं आणि तिथं अंध मुलांची शाळाही निघाली. आमच्या भागातल्या अंध मुलाला शिकायचं तर आनंदवन नाहीतर नागपूर, हीच वाट होती. ब्रेल यायचं, पाढे पाठ व्हायचे, पेटी-तबला यायचा; पण कारकुनीची खुर्ची लांबच राहायची, कारण कारकुनीचा कागद डोळ्यांनीच वाचावा लागे. बोलणाऱ्या संगणकानं ती अडचण मोडली. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन २०१९ साली तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या, त्यांच्या अभ्यासातही स्क्रीन रीडर होता. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिलं, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. २०११ च्या जनगणनेनं देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक मोजले. दार उघडलं आहे, यात शंका नाही. पण आत गेलेला माणूस टिकतो की नाही, हे पुष्कळदा टॅब दाबल्यावर काय ऐकू येतं यावर ठरतं.

आता फोकस म्हणजे काय ते सांगतो. पडद्यावर पन्नास गोष्टी असतात, पण पुढची कळ दाबली की ती कुठं लागणार ती जागा एका वेळी एकच असते. तीच फोकसची जागा. डोळस माणूस ती कधी शोधत बसत नाही. त्याला सगळा पडदा दिसतो आणि माउसनं हवं तिथं जाता येतं. कानांनी काम करणाऱ्याला मात्र ती एक जागा म्हणजेच सगळा पडदा. फोकस हलला की सॉफ्टवेअरनं विंडोजला कळवायचं, विंडोजनं स्क्रीन रीडरला. मग स्क्रीन रीडर त्या जागेला चार प्रश्न विचारतो: नाव काय, प्रकार काय, स्थिती काय, आत काय लिहिलं आहे? उत्तरं जोडून तो बोलतो: "रक्कम, एडिट, रिकामं." मायक्रोसॉफ्टनं या देवाणघेवाणीची पहिली सार्वत्रिक व्यवस्था १९९७ साली आणली, नंतर तिच्याहून सविस्तर दुसरी. व्यवस्था आहे म्हणून सगळेच ती पाळतात असं नाही. प्रोग्रामरनं बटणाचं नुसतं चित्र काढलं आणि त्याला नाव दिलं नाही, तर स्क्रीन रीडर 'बटन' एवढंच म्हणतो. कसलं बटण, ते त्यालाही ठाऊक नसतं.

इथंच स्क्रिप्टची गरज पडली. टेड हेंटर हा मोटरसायकलच्या शर्यतींत उतरणारा अमेरिकन इंजिनिअर. १९७८ साली मोटार अपघातात त्याची दृष्टी गेली. १९८७ मध्ये त्यानं भागीदाराबरोबर कंपनी काढली, १९८९ मध्ये डॉससाठी जॉज हा स्क्रीन रीडर आणला आणि १९९५ च्या जानेवारीत त्याची विंडोज आवृत्ती. जगातलं प्रत्येक सॉफ्टवेअर नीट बोलणार नाही हे धरून जॉजमध्ये एक स्क्रिप्टची भाषाच दिलेली आहे: अमक्या प्रोग्राममध्ये तमकी खिडकी आली तर असं बोल, ही कळ दाबली तर तिथं जा. ज्या कार्यालयात असं स्क्रिप्ट लिहिणारा कुणी भेटला, तिथल्या अंध माणसाची नोकरी त्या चार पानांच्या मजकुरावर टिकली, असं जगभर घडलेलं आहे.

जॉज विकत घ्यावा लागतो आणि तो महाग आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानं कॉलेज सोडून फुकट स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र. दोघं लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटले होते. तोही येऊन मिळाला आणि एनव्हीडीए उभा राहिला. तो पायथन भाषेत लिहिला आहे आणि त्याचा सगळा मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. वडनेरच्या लॅपटॉपवर तोच चालतो. मला तर वाटतं, आपल्याकडच्या अंध माणसाच्या रोजगाराबद्दल बोलताना या दोघा मित्रांचं नाव आदरानं घ्यायला हवं. फुकट मिळालं म्हणून मी हे म्हणत नाही. बिघडलं तर आपण स्वतः उघडून पाहू शकतो, हा त्यांनी दिलेला अधिकार मला जास्त मोलाचा वाटतो.

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी एनव्हीडीएचं एक छोटं ॲड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएपुरती स्क्रिप्टच, कुणीतरी पूर्वी लिहून दिलेलं होतं. मित्राला त्यातलं ओळ न् ओळ माहीत नव्हतं. काम होत होतं एवढं पुरेसं होतं. रविवारी आम्ही त्याच्या घरी सॉफ्टवेअरची सरावाची प्रत घेऊन बसलो. सरावाची प्रत अशासाठी की आम्हाला लॉग, म्हणजे स्क्रीन रीडरची नोंदवही, पाहायचा होता, आणि लॉगची पातळी वाढवली की दाबलेली प्रत्येक कळ आणि बोललेला प्रत्येक शब्द त्यात उतरतो. खऱ्या खातेदारांची नावं आणि शिलकी अशा फाइलमध्ये जाऊ देणं बरोबर नाही. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकानं हे पथ्य पाळावं आणि काम झालं की पातळी पुन्हा खाली आणावी.

आवाज गेला की आधी साध्या गोष्टी पाहायच्या. एनव्हीडीएची कळ आणि एस एकत्र दाबलं गेलं की बोलण्याची तऱ्हाच बदलते, कधी पूर्ण बंद होते. एखाद्या प्रोग्रामपुरता त्याला झोपवायची कळही आहे, तिच्यावर चुकून बोट पडलं तर तेवढ्या प्रोग्राममध्ये शुकशुकाट. हे दोन्ही नव्हतं, कारण डेस्कटॉपवर आणि वर्डमध्ये आवाज ठणठणीत होता. मग आम्ही स्पीच व्ह्यूअर उघडला. स्क्रीन रीडर जे बोलतो ते या खिडकीत लिहूनही दिसतं आणि डोळस मदतनिसाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. खिडकीत शब्द उमटले पण कानावर पडले नाहीत, तर घोटाळा आवाजाच्या बाजूला: कंठ (म्हणजे मजकुराचा आवाज करणारा भाग), साउंड कार्ड, हेडफोन. शब्दच उमटले नाहीत, तर निरोप स्क्रीन रीडरच्या तोंडापर्यंत आलेलाच नाही. तपास कोणत्या दिशेला न्यायचा ते इथं ठरतं. हे न पाहता लोक हेडफोन बदलत बसतात, विंडोज पुन्हा टाकतात, दिवसच्या दिवस घालवतात.

मित्रानं एफ-टू दाबलं. खात्यांची यादी उघडली, तो बाणानं खाली गेला, नावं ऐकू आली. एंटर. यादी मिटली. स्पीच व्ह्यूअर कोरा. लॉगमध्ये एंटरची नोंद होती आणि तिच्याखाली बोलण्याची ओळच नव्हती. एनव्हीडीए आणि टॅब दाबून 'आत्ता फोकस कुठं आहे' असं विचारलं, तर उत्तर आलं: "पेन." पेन म्हणजे नुसती चौकट, जिच्यात काही लिहिता येत नाही की निवडता येत नाही. यादीची खिडकी मिटताना फोकसही मिटला होता आणि सॉफ्टवेअरनं तो परत खाते क्रमांकाच्या रकान्यात नेऊन ठेवलाच नव्हता. पुढे दाबलेली प्रत्येक कळ त्या रिकाम्या चौकटीवर पडत होती.

मग जुन्या आवृत्तीत हे कसं चालत होतं? एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ-वन एकत्र दाबलं की समोरच्या प्रोग्रामच्या फाइलचं नाव आणि त्याच्यासाठी कोणतं ॲप मॉड्यूल, म्हणजे त्या प्रोग्रामपुरती स्क्रिप्टची फाइल, लागलं आहे ते कळतं. जॉजमध्ये त्यासाठी इन्सर्ट आणि क्यू आहे. आम्हाला प्रोग्रामचं नाव ऐकू आलं, पण मॉड्यूल कुठलंच नाही. उलगडा झाला. ॲप मॉड्यूलच्या फाइलचं नाव प्रोग्रामच्या फाइलच्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. नव्या आवृत्तीत कंपनीनं प्रोग्रामच्या नावापुढे एक आकडा जोडला होता. तेवढ्यानं ॲड-ऑन त्याला ओळखेनासं झालं आणि न कुरकुरता बाजूला बसून राहिलं. आम्ही मॉड्यूलच्या फाइलचं नाव बदललं आणि एनव्हीडीए नव्यानं सुरू केला. एफ-टू, बाण, एंटर: "खाते क्रमांक, एडिट." मित्राच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पण मला ती ओळ ऐकून वेगळंच उमगलं. फोकस हरवण्याचा मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून होता. स्क्रिप्टनं तो इतकी वर्षं झाकून ठेवला, म्हणून तो कंपनीला कधी कळलाच नाही. स्क्रिप्टबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, तरी तिच्याविषयीची माझी तक्रारही हीच आहे: ती दुखणं सुसह्य करते आणि म्हणूनच वैद्याला बोलावणं राहून जातं.

लगेच दुसरी अडचण पुढे आली. "अर्धंच बोलून राहिला आता." खरंच, प्रत्येक वाक्य मध्येच तुटत होतं: "खाते क्रमां", "जमा रक्". ॲड-ऑन बंद करून एनव्हीडीए सुरू केला की वाक्यं पुरी व्हायची, ॲड-ऑन लावलं की तुटायची. बाहेर पडण्याच्या चौकटीत 'ॲड-ऑनशिवाय पुन्हा सुरू करा' असा पर्यायच आहे, त्यामुळे ही तुलना कुणालाही करता येते. कारण मजकुरात सापडलं. 'व्हाउचर जतन झाले' हा संदेश पडद्याच्या तळाच्या पट्टीत येतो. तो लगेच ऐकू यावा म्हणून लिहिणाऱ्यानं व्यवस्था केली होती की पट्टी बदलली की चालू बोलणं थांबवायचं आणि पट्टी वाचायची. विचार चांगलाच होता. नव्या आवृत्तीत कंपनीनं त्याच पट्टीत सेकंदासह घड्याळ बसवलं. आता दर सेकंदाला पट्टी बदलत होती आणि दर सेकंदाला बोलणं थांबत होतं. वेळ ऐकू येत नव्हती, कारण आकडे वगळायची तजवीज पुढच्याच ओळीत होती. पण थांबवण्याचा हुकूम तिच्या आधी सुटत होता. दोन ओळींचा क्रम आम्ही बदलला: आधी पाहायचं की संदेश खरा आहे का, मगच चालू बोलणं तोडायचं.

बोलणं तोडण्याचा हक्क फार जपून वापरावा. कळ दाबली की आधीचं वाक्य थांबलंच पाहिजे, नाहीतर सरावलेल्या माणसाचा वेग मरतो. पण यंत्रानं आपण होऊन माणसाचं ऐकणं मध्येच तोडायचं तर तेवढं महत्त्वाचं कारण हवं. वेब पानांसाठी हा भेद नियमांत बांधलेला आहे: आपोआप बदलणाऱ्या मजकुराला 'सवडीनं सांग' आणि 'लगेच सांग' अशा दोन खुणा देता येतात. बहुतेक वेळा पहिली पुरते. दुसरी 'सत्र संपत आले आहे' अशा सूचनेसाठी राखून ठेवावी.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक होती. यादी मिटल्यावर फोकस बहुतेक वेळा परत येई, पण कधी कधी येत नसे. जुन्या स्क्रिप्टमध्ये एक दशांश सेकंद थांबून फोकस हलवायचा असं लिहिलं होतं. जुनं सॉफ्टवेअर त्याच संगणकावरून माहिती घ्यायचं, नवं दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवरून घेतं. इंटरनेट मंदावलं की यादी मिटायला वेळ लागतो आणि स्क्रिप्ट तिच्या आधीच आपलं काम उरकून मोकळी होते. वाट पाहण्याची मुदत वाढवणं हा सोपा उपाय, पण तो घातक. अर्ध्या सेकंदात मित्राची बोटं पुढच्या दोन कळा दाबून गेलेली असतात आणि उशिरा हललेला फोकस त्याला भलत्याच रकान्यात नेऊन टाकतो. पतसंस्थेत भलता रकाना म्हणजे भलत्या खात्यावर रक्कम. म्हणून वेळेवरचा भरवसाच काढून टाकला. फोकस त्या रिकाम्या चौकटीवर आला आणि त्याच्या लगोलग आधी तो खात्यांच्या यादीत होता, या दोन्ही अटी जुळल्या तरच त्याला खाते क्रमांकावर न्यायचं. दुसरी अट अत्यावश्यक. ती नसेल तर मित्र आपणहून मेनूत जायला निघाला तरी स्क्रिप्ट त्याला ओढून परत आणील, आणि मालक माणूस न राहता स्क्रिप्ट होईल.

अशा स्क्रिप्ट तपासताना मी एक जागा हमखास पाहतो. फोकस आल्याची वर्दी स्क्रिप्टला मिळते, तेव्हा आपलं काम झाल्यावर ती वर्दी पुढे सोडायची असते. एनव्हीडीएत त्यासाठी 'नेक्स्ट हँडलर' अशी एक ओळ लिहितात. जॉजमध्ये आपण फोकस बदलण्याच्या घटनेचं स्वतःचं काम लिहिलं तर मूळ कामाला आपणच हाक मारावी लागते. ही ओळ राहिली की कोतवालानं दवंडी ऐकून घ्यावी आणि पुढच्या आळीत ती पिटूच नये, तसं होतं. फोकस हललेला असतो, सगळं जागच्या जागी असतं, फक्त कानावर काही येत नाही. ॲड-ऑन लावलं की शांतता आणि काढलं की आवाज, अशी लक्षणं दिसली तर आधी ही ओळ शोधावी.

ॲड-ऑन मुळीच चालेनासं होण्याची आणखीही कारणं असतात. २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या आवृत्तीत एनव्हीडीए पायथनच्या दुसऱ्या पिढीतून तिसऱ्या पिढीत गेला आणि जगभरची जुनी ॲड-ऑनं एका दिवसात निकामी झाली. कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं आहे हे प्रत्येक ॲड-ऑनच्या माहितीत नोंदवावं लागतं. ती नोंद शिळी झाली की एनव्हीडीए ते ॲड-ऑन आपणहून चालू करत नाही. म्हणून मार्चअखेरीच्या तोंडावर कुठलीच नवी आवृत्ती टाकू नये, हा माझा सल्ला आहे.

त्या दिवशी आणखी एक दोष सापडला, त्याचा स्क्रिप्टशी काही संबंध नव्हता. मित्रानं 'पाच हजार दोनशे' लिहिलं आणि परत ऐकलं, तर 'हजार दोनशे' ऐकू आलं. स्पीच व्ह्यूअरमध्ये आकडा पूर्ण होता. म्हणजे गडबड आवाजाच्या बाजूला. त्याचे ब्लूटूथ हेडफोन थोडा वेळ काही वाजलं नाही की वीज वाचवायला झोपतात, आणि जागे होईपर्यंत पहिलं अक्षर-दोन अक्षरं गिळली जातात. गाणं ऐकणाऱ्याला हे कळतही नाही. रोकड मोजणाऱ्याला मात्र चार हजारांचा फरक पडतो. वायरचे हेडफोन लावले, प्रश्न मिटला. तेव्हापासून पैशाचं काम करणाऱ्या प्रत्येक अंध मित्राला मी वायरचेच हेडफोन वापरायला सांगतो.

कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांचंही सांगायला हवं. कारकुनाचा हात तिथंच असतो. पण एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत, नम लॉक बंद असताना, त्याच कळा पडद्यावरचा मजकूर चाचपण्यासाठी राखलेल्या असतात. त्यामुळे कधी आकडे उमटतात, कधी स्क्रीन रीडर मागची ओळ वाचतो, आणि 'कीबोर्ड बिघडला' अशी तक्रार येते. लॅपटॉप मांडणी निवडली की हा झगडा उरत नाही. शंका आली तर एनव्हीडीएची कळ आणि एक दाबून मदत चालू करावी. मग कोणतीही कळ दाबली की ती काम न करता आपलं काम काय ते सांगते.

मराठीचा प्रश्न वेगळा आणि मला फार जवळचा आहे. एनव्हीडीएबरोबर ई-स्पीक एनजी हा कंठ येतो. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ साली एका जुन्या ब्रिटिश संगणकासाठी तो लिहायला सुरुवात केली; २०१५ पासून त्याची आजची शाखा चालते. त्यात मराठी आहे. आवाज यंत्राचा वाटतो, नव्या माणसाला कर्कश लागतो, पण कळ दाबताक्षणी बोलतो आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द सुटे राहतात. म्हणून सरावलेले लोक गोड आवाज सोडून याच्याकडे येतात. मराठीचे उच्चार कसे करायचे याचे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत आहेत. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळे, हे तिथं कुणीतरी लिहिल्याशिवाय यंत्राला कळत नाही. शाळेत मराठी शिकवणाऱ्याला संगणक फारसा येत नसला तरी या कामात त्याची गरज आहे. आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं संस्थांच्या एका गटानं मराठीसह अनेक भारतीय भाषांचे कंठ तयार करून ते स्क्रीन रीडरला जोडून दिले, तेही मोठं काम आहे. पण दुरुस्तीची सवय वापरणाऱ्यांमध्येच रुजायला हवी.

मराठी वाचताना येणारी शांतता पुष्कळदा फोकसची नसतेच. कंठ फक्त इंग्रजी जाणणारा असेल तर देवनागरी अक्षरांवरून तो मुकाट पुढे जातो. ऐकणाऱ्याला रकाना रिकामा वाटतो. मराठी पानावर 'हे मराठी आहे' अशी भाषेची खूण नसेल तर आपोआप कंठ बदलत नाही. सगळ्यांत जास्त छळ जुन्या फॉण्टचा. कृतिदेवमध्ये 'भारत' टंकलं की संगणकाच्या पोटात एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं साठतात. डोळ्यांना 'भारत' दिसतं, कानांना पाच निरर्थक अक्षरं. अशी परिपत्रकं, ठराव आणि अहवाल आपल्या सहकारी संस्थांच्या संगणकांत आजही भरलेले आहेत. उपाय ठाऊक आहे, फुकट आहे आणि वर्षानुवर्षं उपलब्ध आहे: युनिकोडमध्ये टंकणं. पुढचा कागद युनिकोडमध्ये टंकायला संस्थेला एक पैसाही लागत नाही.

कायद्याची बाजू भक्कम आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम ४६ सेवा देणारा सरकारी असो की खासगी, दोघांनाही सुगम्यतेचे नियम लावतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. याचिकाकर्त्यांपैकी जैन हे स्वतः अंध वकील आहेत. वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगत आले आहेत की सगळं काम कीबोर्डवर झालं पाहिजे, फोकस कुठं अडकून पडता कामा नये आणि त्याचा क्रम अर्थाला धरून असावा. तरीही वेबएम या अमेरिकी संस्थेनं २०२५ मध्ये दहा लाख संकेतस्थळांची पहिली पानं यंत्रानं तपासली, तेव्हा ९४.८ टक्के पानांवर निकषांचा भंग सापडला. नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांच्या मधल्या या जागेत रोजचा टॅब दाबणारा माणूस उभा आहे.

सॉफ्टवेअर कंपनीला आम्ही फोन केला. पलीकडून पहिलं उत्तर आलं, "साहेब, माउसनं एकदा क्लिक केलं की चालतंय ना?" रागावून उपयोग नव्हता. आम्ही प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाशी बोलणं मागितलं आणि त्याला एवढंच सांगितलं: माउस बाजूला ठेव, एफ-टू दाब, खातं निवड, एंटर मार, आणि आता रक्कम लिहून दाखव. पलीकडे थोडा वेळ कळांचा आवाज आला. मग तो म्हणाला, "अरे, हे तर मलाही जमत नाहीये." पुढच्या अद्ययावत प्रतीत यादी मिटताना फोकस परत रकान्यात ठेवणारी एक ओळ आली. फायदा डोळस कारकुनांनाही झाला. त्यांचा व्हाउचरमागचा एक क्लिक वाचला. आमच्या स्क्रिप्टमधला तो भाग आम्ही काढून टाकला. स्क्रिप्टमधून असं काही काढून टाकता येणं, यासारखं समाधान नाही.

एनव्हीडीएच्या २०२५ च्या पहिल्या आवृत्तीपासून दुसऱ्याच्या संगणकावर दुरून काम करण्याची सोय त्यातच आली आहे. आधी त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागे. नागपुरात बसून मी वडनेरचा लॅपटॉप ऐकू शकतो, तो चालवूही शकतो. पण मी शक्यतो ऐकतो आणि मित्रालाच कळा दाबू देतो. लॉग वाचायला तो आता स्वतः शिकला आहे. एनव्हीडीए आणि एफ-वन दाबून समोरच्या वस्तूचा प्रकार, वर्ग आणि नाव तो काढतो आणि मला पाठवतो. कंपनीला तक्रार करताना 'चालत नाही' असं न लिहिता कोणती कळ, कोणती खिडकी, काय ऐकू यायला हवं होतं आणि काय ऐकू आलं, असं चार ओळींत लिहितो. त्याच्या तक्रारींना हल्ली उत्तर येतं.

व्याज आकारणीचा तक्ता मात्र अजून मुका आहे. तो सॉफ्टवेअरनं पडद्यावर रेषा ओढून रंगवलेला आहे. आत ओळी आणि रकाने अशा वस्तूच नाहीत, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? तिथं स्क्रिप्टही हात टेकते. सध्या मित्र तो तक्ता एक्सेलमध्ये उतरवून वाचतो आणि दुरुस्ती असली तर सहकाऱ्याला सांगतो. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला आम्ही लेखी दिलं आहे: रंगवलेला तक्ता काढून विंडोजचा नेहमीचा तक्ता बसवावा, प्रत्येक रकान्याला शीर्षक असावं, बाण दाबला की फोकस हलल्याची वर्दी जावी, आणि व्याजाचा आकडा बदलला की नवा आकडा त्याच जागी वाचता यावा. त्यानं काम हाती घेतलं आहे. ३१ मार्चच्या आधी सरावाची प्रत देईन म्हणाला आहे, आणि ती तपासण्याचं काम कंपनीनं माझ्या मित्राकडेच दिलं आहे.